या घरात पुरुष नाही

खामसिंगला दुपारी ताप भरला आणि त्याची बायको ओरथाय धास्तावली. ताप चार लोकांना येतो तसा त्याला येऊन चालणार नव्हतं. गेल्या वर्षी खोन केन शहरातल्या डॉक्टरांनी छातीला तारा लावून आलेख काढला आणि बजावलं होतं, "तुमच्या हृदयाच्या ठोक्यांत जन्मापासून खोट आहे. एरवी कळायचीही नाही. पण अंग तापलं की ठोके भरकटतील, झोपेतच हृदय बंद पडेल. ताप आला की लगेच उतरवा आणि तडक दवाखाना गाठा." त्याचा थोरला भाऊ असाच झोपेत गेला होता. तरी खामसिंगचं पालुपद एकच, "धडधाकट माणूस मी, मला काय होतंय!" पालथ्या घड्यावर पाणी.

गेल्या आठवड्यात भातखाचरात गोगलगायीच्या शंखाने त्याचा तळपाय कापला, तेव्हाही हेच. पाय पिकून टम्म सुजला, तरी लावणी उरकल्याशिवाय दाखवायचा नाही म्हणे.

त्यात गावात विधवेच्या भुताची हवा. पलीकडच्या आळीतला एक तरणाताठा गडी झोपेत गेला, तेव्हापासून नवरा शोधत फिरणाऱ्या त्या बयेला चकवायला गावातल्या पुरुषांनी नखं बायकांसारखी लाल रंगवली होती आणि दारोदार पाट्या लागल्या होत्या: या घरात पुरुष नाही. तापाची गोळी नको म्हणणाऱ्या खामसिंगने नखं मात्र दोनदा रंगवून घेतली. हसावं की रडावं, हे ओरथायला कळेना.

सासू, पेंगआई, तापलेल्या लेकावर गोधड्यांवर गोधड्या घालत होती.

"आई, काढा त्या! उकडून मारायचंय का त्याला?"

"घाम फुटला की उतरेल. माझा एक गेलाय, मला नको शिकवूस."

म्हातारीचं दुःख खरं होतं आणि हट्टही तितकाच खरा. ओरथायने गोधड्या ओढून काढल्या, नवऱ्याला दटावून गोळी गिळायला लावली, फोन करून रुग्णवाहिका बोलावली आणि फडकी भिजवायला ती मागच्या हौदाकडे धावली.

"डोळे मिटू नकोस हं!"

"छळू नकोस गं. जरा पडू दे."

हौदाच्या खेपांत अर्धा तास गेला; एकदा परत येऊन बघते तर गोधड्या पुन्हा अंगावर.

"गाडी नाही आली अजून?"

"आली होती की," पेंगआई म्हणाली. "आजारी माणूस कुठाय विचारत होते. मी सांगितलं, इथे पुरुष नाही."

"आणि ते गेले?"

"जाणारच. पाटी दिसत नव्हती का त्यांना? दारात उभी राहून लेकाचं नाव सांगू होय? ती विधवा कान देऊन असते."

ओरथायच्या मस्तकात तिडीक गेली. ती अनवाणीच धावत सुटली. बुद्धमंदिराच्या वळणावर गाडी उभी होती. चालक दुकानवाल्या मावशीला विचारत होता आणि मावशीही मान हलवत होती, "छे हो, या आळीत पुरुषच नाहीत."

"आहे!" ओरथाय ओरडली. "माझ्या घरात पुरुष आहे! खामसिंग! खामसिंग नाव त्याचं!"

"गप गं बये, नाव नको घेऊस!" मावशी कळवळली.

"घेणार! खामसिंग!"

पटापट दारं लागली. गाडी मात्र वळली.

वाटेत, गाडीतच, खामसिंगचं हृदय थांबलं. सोबतच्या माणसाने छातीला विजेचा झटका दिला, मग आणखी एक, तेव्हा कुठे ते पुन्हा चालू लागलं. ओरथाय हे सगळं डोळ्यांनी बघत होती.

पेंगआई शेजाऱ्याच्या गाडीतून मागोमाग दवाखान्यात पोचली. ओरथायने तिला घडलं ते सांगितलं.

"थांबणारच," म्हातारी रडत म्हणाली. "चव्हाट्यावर नाव घेतलंस. तिने ऐकलं."

ओरथायने कपाळ भिंतीला टेकवलं. भांडायचं तरी कुणाशी?

औषधांनी पायाचं विष उतरायला लागलं आणि सकाळी खामसिंगने डोळे उघडले, तेव्हा उशाशी आई होती. थोड्या वेळाने ओरथायने येऊन त्याच्या कपाळाला हात लावला. गार होतं. तिला हुंदका आवरेना.

"आई सांगत होती," तो क्षीण आवाजात, रुसल्यासारखा म्हणाला, "तू गावभर माझं नाव घेतलंस?"

"घेतलं."

"का गं असं केलंस? मेलो असतो ना मी!"