कुलपाला हात लावायचा नाही

कुलूपवाल्याच्या प्रोबेशनचा तो शेवटचा दिवस. बारा महिन्यांच्या सह्यांसकट अहवाल पाचच्या आत कोर्टात पोचला, तर नावावरची गुन्ह्याची नोंद पुसली जाणार होती. नाही पोचला, तर जन्मभराचा डाग. आणि डाग लागलेल्या कुलूपवाल्याकडे कोण काळं कुत्रं फिरकणार? बायकोने सकाळीच बजावलं होतं, "अहो, वर्षभर हात आवरलेत, आज जीभही आवरा."

गुन्हा तरी काय, तर एका कोटवाल्या साहेबाला दार उघडून दिलं. दार साहेबाचं नव्हतं. साहेब पसार झाला, सापडला हा. कोट असला की पळायला वेळ मिळतो. पहिलाच गुन्हा म्हणून कोर्टाने तुरुंग टाळला आणि अट घातली, वर्षभर कुठल्याही कुलपाला हात लावायचा नाही. ती याने इतकी पाळली, की सासूबाई न्हाणीघरात अडकल्या तेव्हा दोन तास बाहेर हाताची घडी घालून बसला. सासूबाईंनी आतून त्याच्या सात पिढ्या धुतल्या.

आणि आता सव्वाचार वाजता प्रोबेशनच्या बाई कपाटासमोर घाम पुसत होत्या. अहवाल कपाटात. किल्ली कारकुनाच्या खिशात. कारकून रजेवर, फोन बंद.

"दुसरी किल्ली असेल की," तो म्हणाला.

"आहे ना. कपाटात."

सुरक्षित राहावी म्हणून ती तिथेच ठेवायचा नियम होता. असले नियम करणारे पगार घेतात, आणि शहाणपण शिकायला पाठवतात कुलूपवाल्याला!

बाईंनी खोलीचं दार लोटलं. "उघडा तुम्ही. अर्ध्या मिनिटाचं तर काम. मी काही पाहिलंच नाही."

"कोटवाला साहेबही हेच म्हणाला होता, बाई. अर्ध्या मिनिटाचं काम. लेखी द्या."

"लेखीला मोठ्या साहेबांची सही लागते. ते दौऱ्यावर आहेत."

त्याने दोन्ही हात खिशात कोंबले. "मग केसातली पिन काढा. वाकवा. अजून. आता आत घाला आणि वर दाबा. हळू! कपाट आहे ते, नवरा नव्हे."

बाईंच्या दोन पिना मोडल्या, एक नख तुटलं, सरकारला एक सणसणीत शिवी बसली. पावणेपाचला कपाट खट्‌कन उघडलं.

"उघडलं! अहो, मी उघडलं!" वीस वर्षांच्या नोकरीत बाई अशा हसल्या नव्हत्या.

कागद छातीशी धरून त्या रस्ता ओलांडून कोर्टात पळाल्या. मागे हा, हात खिशातच. पाचला तीन मिनिटं असताना शिक्का पडला.

कोर्टाच्या पायरीवर बाई धापा टाकत टेकल्या आणि एकदम पांढऱ्याफटक पडल्या. "कुणाला सांगू नका हं. सरकारी कपाट फोडलं मी."

त्याने वर्षभरात पहिल्यांदा हात सैल सोडले.

"घाबरू नका, बाई. पहिलाच गुन्हा आहे. वर्षभर नीट वागा, पुसून देतात."