सहा पेपर आणि एक पिवळी गुंडाळी

थांबा, मला डब्यात टाकण्याआधी माझं ऐकून घ्या. मी पिवळ्या ट्रेसिंग कागदाची गुंडाळी बोलतेय. पातळ, आरपार दिसणारी, जरा ओढलं की टरकन फाटणारी. इमारतींची चित्रं काढणारी माणसं मला लाडाने 'कचरा कागद' म्हणतात. लाडाने म्हणतात म्हणून मला राग येत नाही, असं मात्र समजू नका.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात, नदीकाठच्या एका गिरणीत माझा जन्म झाला. त्याच गिरणीतून जाड, पांढरे, ऐटबाज कागदही निघाले. ते गेले सह्यांसाठी आणि शिक्क्यांसाठी. माझ्या वाट्याला आलं कच्चं काम. नकाशावर मला पसरायचं, वरून नवा विचार काढून बघायचा, नाही पटला तर तेवढा तुकडा फाडायचा. माझ्यावर खोडाखोड कोणी करत बसत नाही. जुन्यावर माझा नवा थर अंथरतात. खालची चूक दिसत राहते आणि वरची रेघ सुधारत जाते. मला एवढं एकच येतं, पण ते माझ्याइतकं चांगलं कोणाला येत नाही.

त्याच राज्यातल्या मिलवॉकी शहरात हार्लन व्हॉस यांचं सात माणसांचं ऑफिस होतं. शाळा, दवाखाने, अग्निशमन केंद्रं अशी कामं. तिथे टेरेसा गोर्स्कीच्या, म्हणजे सगळ्यांच्या टेसच्या, टेबलावर मला जागा मिळाली. टेस एकोणीस वर्षं त्या ऑफिसात होती. इमारत तिने आखायची, साइटवरचा चिखल तिने तुडवायचा आणि शेवटी नकाशावर शिक्का बसायचा हार्लनचा. परवान्याच्या सहा परीक्षा तिने कधी दिल्याच नव्हत्या, आणि परवाना नसेल तर स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला कायद्याने बंदी. तिच्या कार्डावर 'डिझायनर' छापलेलं होतं. ते कार्ड ती कोणाला देत नसे.

जानेवारीतल्या एका सोमवारी हार्लन तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"टेस, डिसेंबरअखेर मी थांबतोय. ऑफिस शिकागोच्या एका कंपनीला द्यायचं म्हणतोय."

"आणि आम्ही?"

"दोघातिघांना ठेवतील ते. हे बघ, परवाना असलेलं इथलंच कोणी असतं तर मी त्यालाच दिलं असतं. पण आता या वयात, नोकरी सांभाळून सहा पेपर म्हणजे..."

"मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, हार्लन. तुम्ही असं बोलताय जसं काही मला खुर्चीतून उचलून आणावं लागतं."

"मी काळजीने बोलतोय गं."

"डिसेंबरपर्यंत सहाही सुटले, तर ऑफिस माझ्याकडे?"

हार्लननी चष्मा पुसला, परत घातला. "सुटले तर तुझ्याकडे," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी टेसने मला काखोटीला मारलं आणि घरी नेलं. ऑफिसचा माल घेऊन चाललीस म्हणून कोणी हटकलं नाही.

घरी तिचे वडील होते, लेनर्ड. चाळीस वर्षं विटा रचून आता गुडघे धरून बसलेला गवंडी. टेसने स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला पसरलं आणि अभ्यासाची आखणी सुरू केली. काय ती आखणी! सहा पेपरांच्या सहा चौकटी, चार रंगांची शाई, कोपऱ्यात नावाची पट्टी, अक्षरं मोजून-मापून. दोन शनिवार आणि दोन रविवार त्यात गेले. वरच्या कोपऱ्यात तिने उत्तर दिशेचा बाणसुद्धा काढला.

"वेळापत्रकाला उत्तर दिशा कशाला गं?" लेनर्डनी विचारलं.

"सवयीने निघाली, बाबा."

"बरं. पुस्तक उघडलंस का?"

पुस्तक उघडलेलं नव्हतं. या लोकांची ही खोडच आहे. आखणी देखणी झाली की काम झाल्यासारखं वाटतं त्यांना.

बेत असा होता: पहाटे पाच ते साडेसहा स्वयंपाकघरात, दुपारच्या सुट्टीत अर्धा तास गाडीत बसून, आणि दर सहा आठवड्यांना एक पेपर. सगळ्यात आधी साइटवरच्या बांधकामाचा. एकोणीस वर्षं तेच केलंय, झोपेतही सोडवीन, असं ती म्हणाली. त्या आखणीत सगळं दाखवलेलं होतं, फक्त तिचं दमणं कुठे दाखवलेलं नव्हतं.

फेब्रुवारीत ती पेपरला गेली. परीक्षेच्या खोलीत कागद नेऊ देत नाहीत, त्यामुळे मी घरीच. ती परत आली आणि बर्फाचे बूट न काढताच खुर्चीत बसली.

"नापास," ती म्हणाली. "साठ दिवस परत बसता येणार नाही. जे रोज करते, तेच मला येत नाही म्हणे."

मला तिची कीव आली नाही. मला राग आला. परीक्षेचा आला, हार्लनचा आला आणि खरं सांगायचं तर माझ्या अंगावरच्या त्या उत्तरेच्या बाणाचाही आला.

परीक्षेतले प्रश्न बाहेर बोलायची मनाई असते. म्हणून दुसऱ्या दिवशी न्याहारीला लेनर्डनी सरावाचं पुस्तक पुढे ओढलं आणि मोठ्याने वाचायला लागले.

"कंत्राटदार तुम्हाला विचारतो, परांची रस्त्याच्या बाजूने बांधू की मागून? तुम्ही काय कराल?"

"मागून बांधायला सांगेन. आमच्या कंत्राटदाराला, ड्वेनला, मी नेहमी सांगते."

लेनर्ड इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अगं पोरी, परांची कुठे बांधायची हे एखाद्या आर्किटेक्टने मला शिकवलं असतं ना, तर मी त्याला वर चढवून शिडी काढून घेतली असती. भिंत कशी दिसावी ते तू सांग. ती उभी कशी करायची ते माझ्यावर सोड."

टेसने पुस्तक हिसकावून मागचं उत्तर बघितलं. तेच होतं. करारात तो निर्णय कंत्राटदाराचा असतो. त्यात नाक खुपसलं आणि परांची कोसळली, तर सांगणाऱ्यालाच कोर्टात उभं राहावं लागतं.

"पण हार्लन तर रोज सांगतात," ती हळूच म्हणाली.

"मग त्यालाही बसव परीक्षेला."

तेव्हा तिला कळलं, की तिला पाडलं ते तिच्या अनुभवानेच. ऑफिसात जे चालतं तेच बरोबर, असं धरून ती उत्तरं देत होती. एकोणीस वर्षांच्या सवयी मोडल्याशिवाय तो पेपर सुटणार नव्हता.

तिने माझा नवा तुकडा फाडला आणि जुन्या देखण्या आखणीवर अंथरला. दहा मिनिटांत, नुसत्या पेन्सिलीने, हाताने बेत काढला. क्रम उलटा केला. करारांचे आणि ऑफिस चालवण्याचे पेपर आधी, कारण सवयी तिथेच मोडणार होत्या. साइटचा पेपर सगळ्यात शेवटी. प्रत्येक रविवारच्या चौकटीत तिने दोन शब्द लिहिले: 'काही नाही.' बाण काढला नाही. मला ती आखणी पहिलीपेक्षा कितीतरी सुंदर वाटली.

एप्रिलमध्ये एक सुटला, मेमध्ये दुसरा, जूनच्या सुरुवातीला तिसरा. मग दवाखान्याच्या कामाची मुदत जवळ आली आणि हार्लन परत टेबलाशी आले.

"महिनाभर शनिवारी यावं लागेल."

"शनिवारी मी येणार नाही. सोमवार ते शुक्रवार काम पुरं करून देते. उशीर झाला तर मला विचारा."

"एवढा ताठा बरा नाही, टेस."

"एकोणीस वर्षं वाकले होते, हार्लन. जरा पाठ दुखतेय."

काम वेळेत झालं, पण त्या धावपळीत जुलैच्या पेपरात ती नापास झाली. बारीकसारीक जोडण्यांच्या नकाशांचा मोठा पेपर होता तो. परत साठ दिवस. परत माझा एक तुकडा, तिसरा थर. ती आता मला ऑफिसातही टेबलावर उघडं ठेवायला लागली होती. हार्लननी ते तीन थर बघितले आणि म्हणाले, "ही गुंडाळी संपेल, तुझे पेपर संपायचे नाहीत."

संपेल? मी आत पुठ्ठ्याच्या नळीला घट्ट धरून बसले. एवढीशी उरले होते, पण संपणार नव्हते.

ऑगस्टमध्ये चौथा सुटला. सप्टेंबरमध्ये, दिवस भरताक्षणी, जुलैचा पडलेला पेपर परत दिला आणि तोही सुटला. उरला तो साइटचा. ऑक्टोबरच्या एका शुक्रवारी ती त्याला बसली आणि दुपारी घरी आली. लेनर्ड दारातच उभे होते.

"झालं, बाबा."

"म्हणजे सुटला?"

"सुटला."

म्हाताऱ्याने तोंड फिरवून डोळे पुसले आणि मग म्हणाले, "चल तर, शुक्रवार आहे, तळलेले मासे खायला जाऊ. शुक्रवारी सगळं गाव तिथेच असतं, उशीर केला तर बसायला जागा मिळायची नाही."

परवाना यायला आणखी सहा आठवडे गेले. त्या दरम्यान एकदा ड्वेनचा साइटवरून फोन आला, परांची कुठून बांधू म्हणून. टेस म्हणाली, "ते तुझं तू ठरव. खिडक्यांचं काही असेल तर विचार." फोन बरोबर लागलाय ना, ते ड्वेनने दोनदा विचारून घेतलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टपालाने तिचा शिक्का आला. टेबलावर अग्निशमन केंद्राचे पांढरे, जाड नकाशे तयार होते. हार्लन ऑफिसच्या किल्ल्या घेऊन शेजारी उभे. टेसने शिक्का शाईत बुडवला आणि पांढऱ्या कागदांना ओलांडून हात माझ्याकडे आणला. माझ्या नळीवर वीतभर कागद उरला होता, तो तिने उलगडला.

"अगं, कचऱ्यावर कशाला मारतेस?" हार्लन म्हणाले.

"पहिला हिच्यावर," टेस म्हणाली, आणि दाबला.

आता मी तिच्या टेबलामागच्या भिंतीवर आहे, खालचे तिन्ही थर आणि तो उत्तरेचा बाण अंगावर घेऊन. येणारे-जाणारे विचारतात, हे पिवळं चिटोरं कशाला लावलंय. तुम्हीही नोकरी सांभाळून काही आखत असाल आणि पहिला बेत कोसळला असेल, तर तो फाडू नका. त्याच्यावर माझा एक थर टाका आणि परत काढा. मी स्वस्त आहे, मला वापरताना हिशेब नको. आणि मला कचरा म्हणायचंच असेल तर आधी इकडे या. त्या कोपऱ्यातला गोल शिक्का वाचा: टेरेसा गोर्स्की, आर्किटेक्ट. पुसट वाटत असेल, तर मला उजेडात धरून बघा.