मालकाचं पाकीट

"फोडा ना आता ते, पापा! विमान काय पास्टरच्या तेलावर उडणारे?" मी म्हणालो.

किन्शासाच्या विमानतळावर आमची अख्खी गल्ली उभी होती. एकतीस माणसं, एकाच कापडात. निळ्यावर पिवळी विमानं. गल्लीतलं माणूस लांब निघालं की सगळ्यांनी एक कापड घालायचंच. शिवलं मीच, गल्लीच्या शिंप्यानं; घाईघाईत निम्म्या बायकांच्या पाठीवर विमानं नाकावर आपटलेली दिसत होती.

आमच्या गल्लीतले पापा लुकोकी सत्तावीस वर्षं एका तिकीट कचेरीत काउंटरवर बसले. कुणी "जोहान्सबर्ग?" म्हटलं की यांचं सुरू, "आकाशातून दोन हजार सातशे ऐंशी किलोमीटर. पावणेचार तास." स्वतः मात्र विमानात कधी पाय ठेवला नाही. लेक रुफीन तिथेच दिलेली. नातू दोन वर्षांचा झाला, तोही फोनवरच. मालक दरवर्षी म्हणायचा, "निवृत्त झालात की, पापा, विमानानं परदेशी पाठवतो तुम्हाला. लेकीला भेटून या." तेवढ्या वाक्यावर पापांनी दुसरी नोकरी बघितली नाही.

निरोपाच्या दिवशी मालकानं भाषण ठोकलं आणि पाकीट दिलं. पासपोर्ट, तिकीट, सगळं आत; विमानाचा दिवस आणि वेळ तेवढी तोंडी सांगितली. आता असं पाकीट आमच्याकडे कुणी सरळ घरी नेतं का? ते गेलं प्रार्थनाघरात. पास्टरनं आठ दिवस वेदीवर ठेवलं, तेल चोपडलं, वर मेण ओतलं आणि बजावलं, "विमानतळाआधी फोडलंत तर आशीर्वाद उडून जाईल."

पापांनी मेण सोललं. तेलानं तिकिटातून पार आरपार दिसायला लागलेलं. काउंटरवरच्या पोरीनं ते उजेडात धरलं.

"ब्राझाव्हिल," ती म्हणाली.

म्हणजे आमच्या नदीचा पलीकडचा काठ! धक्क्यावर उभं राहिलं की तिथल्या बायकांनी वाळत घातलेले कपडे मोजता येतात.

"पंचवीस किलोमीटर. सात मिनिटं," पापांच्या तोंडून सवयीनं निघालं. मग ते स्वतःच दचकले.

त्यांनी मालकाला फोन लावला. मालकाचा आवाज एवढा खणखणीत, की आम्हालाही ऐकू आला.

"अहो पापा, परदेशच आहे तो! वेगळा देश, वेगळा झेंडा. आणि विमानही आहे. मी शब्द मोडलाय का?"

"लेकीला भेटून या म्हणाला होतात, मालक."

"मग तिला बोलवा ना तिथं! चला, मला मीटिंग आहे."

पापांची बायको बिलोंडा उसळली. "सत्तावीस वर्षं तुम्हीच लोकांना सांगत होतात ना, साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून? घ्या आता!"

तेवढ्यात रुफीनचा फोन. "बाबा, बसलात का? पिल्लूला नवा शर्ट घातलाय. आम्ही निघतोच."

पापांनी आमच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "निघू नकोस, पोरी. विमान बिघडलंय."

मागच्या रांगेला काहीच कळलं नव्हतं. त्यांनी निरोपाचं गाणं सुरू केलं, टाळ्यांसकट. मी गप्प करायला वळलो तर पापांनी माझा हात धरला.

"म्हणू दे रे. नटून आलेत बिचारे."

आणि ताठ मानेनं ते आत गेले.

काचेतून दिसत होते. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले, बॅग उघडली. बिलोंडानं रुफीनसाठी पानात बांधून दिलेला क्वांगा, कसाव्याच्या कंदाचा उकडलेला गोळा, काढला. आत ब्राझाव्हिलच्या विमानाची हाक झाली, लोक उठले, रांग लागली. पापांनी बसल्या जागीच पानाची दोरी सोडवली आणि सावकाश खायला सुरुवात केली.