खांबाचा झाला अडसर

मी एक जुना अडसर आहे. गंगापूर रोडच्या मागे एक मैदान आहे. त्याच्या लोखंडी फाटकाला मला आतून आडवा लावतात. पण मित्रांनो, माझा जन्म यासाठी झाला नव्हता. मी खो-खोचा खांब होतो.

ओझरच्या विमान कारखान्यात यंत्रं ज्या लाकडी पेट्यांतून यायची, त्यातल्या एका पेटीचं मी लाकूड. मैदानालगतच्या वस्तीतला सावळीराम तिथं कामाला होता. मोडीत निघालेले दोन दांडे त्यानं सायकलला बांधून आणले, रंधा मारून गोल केले आणि पोरींच्या हाताला कूस टोचू नये म्हणून दोन रविवार घासत बसला. १९७४ साली वस्तीनं मैदानावरचा उकिरडा उपसला आणि आम्हा दोघांना समोरासमोर पुरलं. वरची बाजू दाखवणारा पेटीचा खोल डागलेला बाण रंध्यानंतरही माझ्या अंगावर उरला होता, त्याचं टोक नेमकं खाली आलं.

"दादा, ह्याला डोक्यावर उभा केलाय तुम्ही!" सावळीरामची मुलगी झुंबर हसली. आठ वर्षांची होती.

"राहू दे. उलटा असला तरी हालत नाय, ते बघ."

मी खरंच हललो नाही. झुंबर पळत यायची, तिचा तळवा माझ्यावर पडायचा, आणि कळेपर्यंत ती वळसा घेऊन निघून गेलेली असायची. असा हात मला पुन्हा लागला नाही.

१९७९ साली क्रीडा मंडळाचे सेक्रेटरी आले. म्हणाले, "भिंत बांधू. गुरं शिरणार नाहीत, मैदान तुमच्याच पोरांचं राहील." ज्या कागदावर अंगठे घेतले, त्यावर काय लिहिलंय हे कुणी विचारलं नाही. का, सांगू? ते सावळीरामच्या घरी, सावळीरामच्या कपातून चहा प्यायले होते. आजवर वस्तीबाहेरचा कुणी तसा प्यायला नव्हता. एका कप चहावर अख्खी वस्ती फसली.

मग श्रमदान. झुंबरच्या आईनं, चिमणाबाईनं, डोक्यावरून विटा वाहिल्या. शेवटी सेक्रेटरी पोरांना म्हणाले, "रिकाम्या बाटल्या आणा रे. भिंतीवर काचा लावू, चोर येणार नाहीत." झुंबरनं सगळ्यांत जास्त बाटल्या आणल्या. तिला शाबासकी मिळाली. चोर म्हणजे कोण, हे मलाही तेव्हा कळलं नाही.

फाटक बसलं आणि पाटी लागली : पांढरे बूट असल्याशिवाय प्रवेश नाही.

"सहादूकाका, उघडा ना," झुंबर राखणदाराला म्हणाली.

"बूट कुठंयत?"

"खो-खो काय बूट घालून खेळतात?"

"मला नको इचारू. नियम हाय."

"मग तुम्ही कसे आत? तुमची तर चप्पलबी तुटकी!"

पोरी खदखदून हसल्या. सहादूनं पाय मागे घेतला, पण फाटक उघडलं नाही.

१९८० साली जिल्ह्याच्या निवड चाचणीला आठ दिवस राहिले. रस्त्यावर पळता येतं, पण वळसा घ्यायला खांब लागतो. भर दुपारी सहादू कुलूप लावून जेवायला गेला, तेव्हा झुंबर भिंतीवर पोतं टाकून चढली. पोतं सरकलं.

ती आत पडली. टाचेच्या वरची शीर तुटली होती. फरफटत माझ्यापर्यंत आली आणि तिनं मला दोन्ही हातांनी धरलं. बाहेर चिमणाबाई फाटक बडवत होती. किल्ली यायला अर्धा तास लागला. झुंबरनं आणलेल्या बाटलीची काच तिच्याच पायात होती.

त्या टाचेला जोर आला नाही, आणि झुंबर पुन्हा पळाली नाही.

मंडळाची बैठक झाली. भिंतीवरच्या काचा काढायच्या असं ठरलं असेल, असं तुम्हाला वाटतं? खांबांमुळे पोरं आत येतात, असं ठरलं. आम्हाला उपटलं. माझा जोडीदार चहाच्या चुलीत गेला. मी नेमका फाटकाच्या मापाचा निघालो.

आज १९८८ साल आहे. फटीतून मला बाहेरचा रस्ता दिसतो. वस्तीतली पोरं तिथं खो-खो खेळतात. खांब नाहीत, म्हणून एका टोकाला सावळीराम उभा राहतो, दुसऱ्या टोकाला झुंबर. तिच्या कमरेला हात घालून पोरी गरकन वळतात.

"झुंबरआत्या, हालू नको गं!"

"मी कुठं जातेय, भवाने? तू पळ."

मित्रांनो, पांढरे बूट घालून आत खेळणाऱ्यांनो, मी तुमच्याशीच बोलतोय. मला तेल लावू नका, रंग देऊ नका, माझी दया तर मुळीच नको. फाटकाशी या. मी फार जड नाही, एका हातानं निघतो. बाहेरच्यांचा हात माझ्यापर्यंत पोचत नाही. तुमचा पोचतो.