गिळायचा घोट

नाकबाईने चाळीस वर्षं दारूचा वास घेतला आणि एकदाही घोट गिळला नाही.

कारखान्यातल्या पारखणीच्या खोलीत ती बसायची. रोज सकाळी पांढऱ्या फरशीवर तीस पेले मांडलेले. प्रत्येकात दोन बोटं माल आणि तेवढंच पाणी. पेला नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे, चूळभर तोंडात घोळवायची आणि उजव्या पायाशी ठेवलेल्या भुशाच्या बादलीत थुंकून टाकायची. गिळणाऱ्याचं नाक दुपारपर्यंत बोथट होतं, असा त्या खोलीचा कायदा. तिचं खरं नाव कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं. नाकबाईंनी नाक मुरडलं एवढं कानावर आलं की टाकीची टाकी परत जायची. बाटल्या धुणाऱ्या बायकांनी तिच्यावर ओवी रचली होती आणि ती येताना दिसली की मुद्दाम मोठ्याने म्हणायच्या:

*जगाच्या पेल्याला, बाई गं, साक्ष दिली,*
*आपुल्या ओठांची पण तहान राहिली.*

ती हसायची. तेव्हा हसू यायचं.

निवृत्त झाली आणि दुसऱ्याच वर्षी नाक तिची साथ सोडायला लागलं. आधी साबण गेला. मग रॉकेल गेलं. मग एका सकाळी दूध उतू जाऊन तळाला करपून काळं झालं तरी तिला पत्ता नाही. शेजारीण धावत आली तेव्हा कळलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं, कागद पाहिले आणि म्हणाले, ‘‘वर्षभर थोडंफार राहील. पुढचं सांगत नाही.’’ ती घरी आली. रडलीबिडली नाही. खिडकीत बसून एवढंच ठरवलं, की नाक जायच्या आत एक खरा घोट घशाखाली घालायचा. कारखान्यातला नव्हे, तो तिला पाठ होता. कुणीतरी हाताने गाळलेला, त्या मातीतल्या फळाचा, दुसरीकडे कुठे मिळणार नाही असा. वास आणि घोट, दोन्ही एका वेळी. नाक गेल्यावर प्यायची ती नुसती जळजळ.

तिचा थोरला भाऊ शाळा-तपासनीस म्हणून निवृत्त झालेला. सत्तरीनिमित्त त्याने जहाजाची सहल ठरवली, सात दिवस आणि तीन बंदरं, आणि बायकोबरोबर बहिणीलाही घेतलं. नाकबाईला वाटलं, देव पावला. तीन बंदरं म्हणजे तीन भट्ट्या!

पण देव आणि नाकबाई यांच्यामध्ये दादा होता, आणि दादाच्या हातात यादी होती. पहिल्या बंदरावर यादीत वस्तुसंग्रहालय निघालं. तीन तास फुटक्या घागरी पाहिल्या. दुसऱ्या बंदरावर तिने मासे विकणाऱ्या बाईकडून एका गाळणाऱ्याचा पत्ता मिळवला, तर दादा म्हणाला, ‘‘ऊन लागेल,’’ आणि दोघींना मेंढरांसारखं वळवून परत जहाजावर नेलं. जेवताना त्याने मनातलं बोलून दाखवलं. ‘‘आपल्या घरातली बाई परक्या गावात गल्लीबोळातून दारू हुंगत हिंडणार? वयाला शोभतं का?’’

‘‘चाळीस वर्षं हुंगतच होते. तेव्हा माझा पगार शोभत होता,’’ नाकबाई म्हणाली.

तिसरं बंदर शेवटचं.

तिथे मात्र जहाजाच्या छापील पत्रकातच लिहिलेलं होतं, ‘खास स्थानिक मद्याची चव, धक्क्यालगतच्या दुकानात.’ छापलं की दादाला ते पवित्र. ‘‘चल, हौस भागव तुझी,’’ तो म्हणाला. ‘‘सभ्य ठिकाण आहे. चारला शिडी उचलतात, त्याआधी सगळं आटोपतं.’’

दुकानात भिंतीला लाकडी पिंपं टेकून ठेवलेली. नाकबाईने जाता जाता एकावर टिचकी मारली, रिकामं. गळ्यात रुमाल बांधलेला दुकानदार टोपणाएवढे प्लास्टिकचे पेले वाटत ओरडत होता, ‘‘घ्या, पहिल्या धारेची! आजोबांच्या भट्टीची! दोनशे वर्षांची कृती!’’

तिने पेला नाकाशी नेला. काही नाही. पुन्हा नेला, काही नाही. तिसऱ्यांदा डोळे मिटून, श्वास अर्धा धरून घेतला तेव्हा तळातून एक ओळखीचा वास वर आला. मळीचा अर्क, जळक्या साखरेचा रंग, वरून बाटलीतला सुगंध. असे हजार पेले तिने थुंकले होते.

‘‘आजोबा टँकरने यायचे का हो?’’ तिने विचारलं.

दुकानदाराचा हात थांबला. ‘‘काय म्हणालात, बाई?’’

‘‘ही टाकीतली आहे. कारखान्याची. आणि पहिल्या धारेची म्हणून काय विकताय? पहिली धार म्हणजे विष. ज्याने आयुष्यात एकदा जरी भट्टी लावली असेल, तो ती दगडावर ओतून देतो आणि मधली धार घरात घेतो. तुमच्या आजोबांनी पाजली असती, तर तुम्ही जन्मालाच आला नसता.’’

कुणीतरी खुदकन हसलं. तिघाचौघांनी पेले खाली ठेवले. दुकानदाराला मिरच्या झोंबल्या. तो दादाकडे वळून म्हणाला, ‘‘म्हातारीला आवरा.’’

दादाने तिचा दंड धरून बाहेर आणलं. त्याचे कान लाल झाले होते. ‘‘चारचौघांत माझं नाक कापलंस!’’

‘‘तुझं वाढेल परत. माझं किती उरलंय ते माहितेय ना तुला?’’ तिने दंड सोडवून घेतला. ‘‘मी वर गावात जातेय.’’

‘‘दोन वाजलेत. चारला शिडी उचलतात. मी थांबणार नाही, सांगून ठेवतो!’’

‘‘नकोच थांबूस,’’ असं म्हणून ती चालू लागली. मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर पाय अडखळले असते, हे तिला ठाऊक होतं.

वहिनी नवऱ्याला म्हणाली, ‘‘अहो, वन्संना एकटं कसं सोडायचं? मी आणते समजावून.’’ चेहरा अगदी गरीब. कोपरा वळल्यावर मात्र तिने पदर खोचला. ‘‘वन्सं, पंचेचाळीस वर्षं मी याद्या ऐकतेय. भराभरा चला.’’

नाकबाईचा एक ठोकताळा होता. बंदरावर ज्याचं तोंड जहाजाकडे आहे त्याला काही विचारायचं नाही, तो जहाजाचा. ज्याची पाठ जहाजाकडे आहे, तो गावाचा. समुद्राकडे पाठ करून एकजण पायरीवर बसून चपला शिवत होता.

‘‘इथली भट्टी कुठे?’’

‘‘कशाला?’’

‘‘प्यायला.’’

‘‘कुणाला?’’

‘‘मला.’’

त्याने दोघींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दाभणानेच चढाची वाट दाखवली. ‘‘वर दोन फाटे लागतील. पुढचं तुमचं नाक सांगेल, आजी.’’

फाट्यावर ती उभी राहिली. डावीकडे तोंड केलं, उजवीकडे केलं. नाक गप्प. जन्मभर ज्याच्या जोरावर तिने पुरुषांच्या टाक्या परत पाठवल्या, ते नाक दाराआड लपलेल्या पोरासारखं हाकेला ओ देईना. तिचे डोळे भरून आले. पण नाक चोंदेल म्हणून तिने ते पाणीही परतवलं.

‘‘वन्सं,’’ वहिनी म्हणाली, ‘‘ती कोंबडी बघा. अशी का चालतेय?’’

उजव्या वाटेवर एक कोंबडी दोन पावलं पुढे, एक पाऊल आडवं टाकत निघाली होती. तिच्यामागे कुंपणाशी फळांच्या आंबलेल्या चोथ्याचा ढीग, आणि त्यावर गांधीलमाश्यांचं गोंगाटी लग्न लागलेलं.

‘‘वहिनी, तुम्ही धन्य आहात!’’ नाकबाईने तिचा हात घट्ट धरला.

पत्र्याच्या छपराखाली तांब्याचा हंडा मंद आचेवर होता. त्याच्या तोंडातून निघालेली नळी पाण्याच्या टाकीतून वळसे घेत बाहेर येई, आणि तिच्या टोकाला बांधलेल्या सुती धाग्यावरून धार मडक्यात उतरे. सुईत ओवता येईल इतकी बारीक. बाह्या वर सारलेली, कपाळाला राख लागलेली भट्टीवाली दोघींना पाहून उठलीसुद्धा नाही.

‘‘जहाजाची माणसं खाली पितात,’’ ती म्हणाली.

‘‘खाली पितात ते पाणी आहे. मला तुझ्या हातची हवी. एकच घोट,’’ नाकबाई म्हणाली.

भट्टीवालीला ते आवडलं असावं. तिने कोनाड्यातला काचेचा पेला पुसला, दुसऱ्या मडक्यातून दोन बोटं ओतली आणि पुढे केली.

नाकबाईने पेला वर उचलला. आणि नाक आलं! दार ढकलून, धापा टाकत, उशीर झाल्याबद्दल ओशाळलेलं. आधी आंबट रानफळाची साल. मग उन्हात तापलेला दगड. मग धूर, अगदी पुसट, आणि धुराच्या मागे कुठेतरी मध. तिने घोट तोंडात घेतला, जिभेवर फिरवला, गालाच्या आत घोळवला, टाळूला लावला, आणि उजव्या पायाशी नीट नेम धरून थुंकून टाकला.

वहिनीने कपाळावर हात मारला. भट्टीवाली सावकाश उभी राहिली. ‘‘माझ्या उंबऱ्यात थुंकलीस?’’

‘‘अगं बाई... सवय...’’ नाकबाई जमिनीवरच्या ओल्या डागाकडे बघत राहिली.

‘‘महिनाभर काट्यातून फळ वेचते मी. पंधरा दिवस आंबवते. जाळ भडकू नये म्हणून हंड्यापाशी झोपते. आणि तू थुंकतेस? चल, नीघ!’’

‘‘नाही निघणार.’’ नाकबाई तिथेच ओट्यावर बसली आणि मांडी घातली. ‘‘माझं चुकलं. पाय धरायला सांग, धरते. पण गिळल्याशिवाय इथून उठणार नाही. जहाज जातं तर जाऊ दे. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांसाठी थुंकले, बाई. मला एकदा माझ्यासाठी गिळायचंय, आणि माझं नाक चाललंय.’’

भट्टीवाली कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. ‘‘नाकावर पोट होतं तुझं?’’

‘‘कारखान्यातले हिला नाकबाई म्हणायचे,’’ वहिनी घाईने म्हणाली. ‘‘ही बोलेल ती पूर्व दिशा.’’

‘‘बोलायला काय लागतं? हे सांग.’’ भट्टीवालीने वाहत्या धारेकडे बोट केलं. ‘‘मधली चाललीय. शेवटची, पाणचट, कधी लागते ते सांग. वेळेवर सांगितलंस तर पेला. चुकलीस, तर भावजयीला घेऊन वाटेला लाग.’’

नाकबाई धारेपाशी वाकली. पुन्हा काही नाही. धार उतरत होती, मडकं भरत होतं, आणि नाक परत दाराआड. ‘‘सांगतेस ना?’’ भट्टीवालीने डिवचलं. ‘‘लागली का?’’

‘‘मला कळल्याशिवाय मी हो म्हणत नाही. मालकालासुद्धा म्हटलं नव्हतं.’’

खालून भोंगा वाजला. पहिला. वहिनीने चुळबुळ केली. वेळ जात राहिला. नाकबाईची कंबर भरून आली. ती हलली नाही. डोळे मिटून ती फक्त श्वास घेत होती, छोटा, अर्धा, पुन्हा छोटा, जातं ओढताना गळ्यात सूर धरावा तसा. मध होता का? आठवणीतला होता की खरा? मग मध सरला. आणि त्याच्या जागी, तिन्हीसांजेला कुणी पाय न वाजवता घरात यावं तसा, एक मिळमिळीत वास आला. भिजलेल्या पुठ्ठ्याचा.

‘‘आता! मडकं बदल!’’

भट्टीवालीने धारेखाली तळवा धरला, हातावर हात चोळले आणि हुंगले. भरलेलं मडकं बाजूला ओढलं, रिकामं सरकवलं. मग त्याच भरल्या मडक्यातून पेल्यात ओतलं. दोन बोटं नव्हे, चार.

तेवढ्यात चढावरून दादा आला. टोपी हातात, सदरा घामाने चिकटलेला, यादी मुठीत चुरगळलेली. ‘‘सबंध गाव... पालथं घातलं!’’ त्याला बोलताही येईना. ‘‘पावणेचार झालेत. चला दोघी. आणि तू, ठेव तो पेला.’’

नाकबाईने पेला ठेवला नाही. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून वास घेतला, घोट घेतला, जिभेवर फिरवला. तिचा उजवा पाय आपोआप बाजूला सरकला. तिने तो जागेवर आणला. ओठ मिटून धरले. आणि गिळला.

घशातून तो असा उतरला, जसं चाळीस वर्षं अंगणात उभं राहिलेलं माणूस एकदाचं घरात यावं. गेला, आणि पाठोपाठ सगळं परत वर आलं, साल, दगड, धूर, मध, या वेळी आतून. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वास असा मागच्या दारानेही येतो हे पारखणीच्या खोलीत ठाऊकच नव्हतं कुणाला!

‘‘वन्सं, कशी आहे?’’ वहिनीने कुजबुजून विचारलं.

‘‘खरी आहे.’’

‘‘मग मलाही द्या हो बाई थोडी,’’ वहिनी भट्टीवालीला म्हणाली. नवऱ्याने तोंड उघडलं, तशी ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली, ‘‘तुम्ही बसा. घाम पुसा आधी.’’

दुसरा भोंगा वाजला, लांबलचक. दादाने घड्याळ पाहिलं, खाली धक्क्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. ‘‘अगं, जहाज सुटेल!’’ आता त्यात हुकूम नव्हता, नुसती काकुळती.

‘‘सुटेल तर सुटेल,’’ नाकबाई म्हणाली. ‘‘तू धाव. आम्ही दोघी बघून घेऊ. उद्या मोटार असेल, परवा बोट असेल, काहीतरी असेलच.’’

‘‘आणि नसेल तर?’’

‘‘तर इथे एकीला नाकाची गरज आहे, असं दिसतंय.’’

भट्टीवाली पहिल्यांदाच हसली आणि जाळावरचं एक लाकूड मागे ओढलं. दादा उभाच होता. जावं की बसावं हे यादीत कुठे लिहिलेलं नव्हतं. शेवटी ओट्याच्या कडेला, पाहुण्यासारखा, अर्धाच टेकला.

‘‘एक विचारू?’’ थोड्या वेळाने तो म्हणाला. ‘‘वास कसला येतो गं?’’

‘‘बोलायला लावू नकोस,’’ नाकबाई म्हणाली. ‘‘अर्धा पेला उरलाय अजून.’’ आणि डोळे मिटून तिने पुढचा घोट घेतला.