गोधडीची सावली

ओली गोधडी राहीबाईनं सोलरच्या प्लेटांवर पसरली, टोकं ताणून घेतली आणि फोन मांडीवर घेऊन ती बांधावर बसली. कांद्याच्या वाफ्यात पडणारी धार बारीक झाली, तुटली, थांबली.

फोन वाजला. चाकणहून लेक, अजिनाथ.

"आये, प्लेटांवर काय पडलंय का बघ बरं. मोबाईलवर पंप बंद दावतोय."

"बघते की. जेवलास का रं?"

"आगं, कामावर हाय मी. पुन्हा गोधडी टाकलीस का?"

"वाळाय टाकलीय."

"एवढं रान मोकळं पडलंय, अन् तुला तिथंच बरं ऊन घावतं!"

राहीबाई तोंडाला पदर लावून हसली. पहिल्यांदा ते चुकून झालं होतं, घट बसायच्या आधीच्या धुण्यात. तेव्हाही असाच लगेच फोन आला होता. त्याआधी लाईटची मोटार होती, तेव्हा अजिनाथ रोज संध्याकाळी फोन करून विचारायचा, "लाईट आली का? अंधारात जाऊ नको, पायतान घाल." मग त्यानंच हा पंप बसवला. मोबाईलवर बोट टेकवलं की चाकणहून पाथर्डीच्या माळावर पाणी चालू. आईचे हेलपाटे वाचले. फोनही वाचले.

पण सकाळची पहिली धार होती. पाइप गुरगुरला की राहीबाई ओंजळ धरायची. "उठलास का रं?" म्हणायची आणि घोटभर पाणी प्यायची. मग वाफ्यांना पाणी देता देता आपसूक ओठांवर यायचं,

लेक गं माझा दूर, डोंगराच्या पल्याड
पाण्याच्या पायानं येतो, बांधाच्या अल्याड

"ऐकतीस का?" अजिनाथ म्हणाला.

"व्हय. हल्ली लई लवकर उठतोस. सूर्व्या पुरता वर येत न्हाई तर पंप चालू करतोस."

पलीकडं अजिनाथ मोठ्यानं हसला. "आगं येडे, मी कुठं चालू करतोय? टायमर लावलाय. दसऱ्यापासनं आपोआप चालतंय ते. मी तर निजलेलो असतो."

"रोज?"

"रोज. काय बिघडलं तरच मोबाईल वरडतो माझा. बरं, काढ ती गोधडी. ठिवतो."

फोन गप्प झाला.

राहीबाई वाफ्याकडं बघत राहिली. दसऱ्यापासनं. मग इतक्या सगळ्या सकाळी ती कुणाशी बोलत होती?

बिघडलं तरच त्याला कळतं. मग रोज बिघडवता येईल की! तिनं गोधडीकडं पाहिलं. अजिनाथच्या बाळपणीच्या झबल्यांचे तुकडे होते तिच्यात. खाली कांद्याच्या पाती उन्हानं माना टाकू लागल्या होत्या. त्या मुक्या जीवांनी तिचं काय वाकडं केलं होतं?

तिनं गोधडी ओढून काढली. पदरानं काच पुसली. पाइप गुरगुरला, धार पडली. सवयीनं ओंजळ पुढं गेली. ती भरली, सांडली, पुन्हा भरली. राहीबाई काही बोलली नाही. पाणी तेवढं प्यायली.

मग गोधडी खांद्यावर टाकून ती पार पलीकडच्या बोरीपाशी गेली. फांदीवर ती वाळत घातली, दोन पावलं मागं सरली आणि उन्हाला हात आडवा धरून बघत राहिली, तिची सावली प्लेटांवर पडत नाही ना.