कोंदणातली बट

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईला सगळी इमारत दागिनेवाली म्हणायची, पण सोन्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. ती आठवणींचे दागिने करायची. लोक तिला बाळाचा पडलेला पहिला दात आणून देत, वहीत दाबून ठेवलेलं फूल देत, मेलेल्या मांजरीचे केससुद्धा देत. ती ते काचेसारख्या स्वच्छ रेझिनमध्ये बंद करून, चांदीच्या कोंदणात बसवून, गळ्यात घालण्याजोगं करून द्यायची. एकदा रेझिन घट्ट झालं की आतली वस्तू आतच राहते. ते फोडलं तर वस्तूचाही चुरा होतो.

हाताखाली होती नणंद. ती खालच्याच मजल्यावर राहायची आणि रोज डब्या बांधायला, पत्ते चिकटवायला वर यायची. कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही. "लोक काय काय गळ्यात बांधतील देव जाणे! उद्या कुणी आजोबांची कवळी घेऊन आला तर तीही कर हो," असं ती महिन्यातून एकदा तरी म्हणायचीच.

नवरा जहाजावर. वर्षातले आठ महिने तो फोनमध्येच राहायचा. घरात उरल्या दोघी, ती आणि सात वर्षांची भिंगरी. पोरीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं. जेवतानाही जिचा एक पाय खुर्चीवर आणि दुसरा हवेत, तिला दुसरं काय म्हणणार? दागिनेवाली दिवसातून पन्नास वेळा तिच्यावर ओरडायची आणि ती शाळेत गेली की घर खायला उठतं म्हणून चरफडायची. तिचा सगळा जीव त्या पोरीत होता, हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

दोन गल्ल्या पलीकडे चष्म्याचं दुकान होतं. त्या दुकानाची मालकीण एका सकाळी जिने चढून आली. पर्समधून तिने चष्म्याचं घर काढलं, ते उघडलं, आतला पातळ कागद उलगडला. कागदात केसांची एक बट होती, तपकिरी, बोटाएवढी लांब, निळ्या दोऱ्याने बांधलेली.

"माझ्या लेकीची आहे," बाई म्हणाली. "आठ वर्षांची होती. गेल्या वर्षी गेली. एवढंच आहे हो माझ्याकडे."

"काळजी करू नका. मी जपून करते."

"एवढंच आहे," बाई पुन्हा म्हणाली, आणि जिन्यापर्यंत जाऊन परत वळून तिसऱ्यांदा तेच सांगून गेली.

केसांना तेल असतं, आणि तेलकट केसांभोवती रेझिन नीट बसत नाही. म्हणून बट आधी चहाच्या गाळणीत ठेवून कोमट साबणाच्या पाण्याने धुवावी लागते. धुण्यापूर्वी दागिनेवाली जुना दोरा काढून आपला नवा, पक्का दोरा बांधायची. शेकडो वेळा तिने हे केलं होतं. पण या वेळी हात थबकला. आईच्या हातची गाठ होती ती. कुठल्या दिवशी, कुठल्या खोलीत बसून मारली असेल! ती सोडणं तिच्या जिवावर आलं. राहू दे, असं म्हणून तिने गाळणी नळाखाली धरली.

तेवढ्यात घंटी वाजली. नणंदेला चिकटपट्टी हवी होती. चिकटपट्टी सापडून, वर दोन टोमणे ऐकून ती मोरीशी परत आली तेव्हा नळ चालूच होता, गाळणी कलंडली होती आणि तिच्या कडेला नुसता निळा दोरा चिकटला होता.

तिने नळाखालचा पाइप उघडला. सगळा गाळ वर्तमानपत्रावर पसरून चिमट्याने धुंडाळला. हाती लागला तो काळा चिखल. "झालं ते झालं. जाऊन पाय धर आणि माफी माग," नणंद म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती गमतीत बोलत नव्हती. दागिनेवालीने ऐकलं नाही. त्या बाईच्या तोंडावर हे सांगायची तिची छातीच होईना.

दुपारी भिंगरी शाळेतून आली. खिडकीशी बसून ती वेणी सोडत होती. उन्हात तिचे केस तपकिरी दिसत होते.

"इकडे ये जरा," आई म्हणाली. मानेमागून, आतल्या बाजूने, दिसणार नाही अशी बोटाएवढी बट तिने कापली.

"कुणाला हवीय?"

"एक बाई आहेत."

"त्या परत देणार?"

"नाही गं. त्यांच्याकडेच राहणार."

"बरं," भिंगरी म्हणाली. "हवी तर अजून घे."

आठवड्याने चष्मेवाली बाई त्या बटेचं पदक न्यायला आली. तिने ते खिडकीपाशी नेऊन भिंगाची काच तपासावी तसं उजेडात धरलं. उलटसुलट करून पाहिलं. दागिनेवालीचा जीव टांगणीला लागला. मग बाईने मूठ मिटली.

"उबदार आहे," ती म्हणाली.

"हातात धरलंत ना, म्हणून." दागिनेवालीने वेळ मारून नेली.

चार दिवसांनी फोनवर निरोप आला. "काल दुपारी ती दुकानात आली होती. माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तुमचे उपकार कसे फेडू?" दागिनेवालीला वाचून रडूच आलं. अपराधी वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. बिचारीला समाधान मिळालं ना, मग झालं तर! नणंदेने निरोप दोनदा वाचला, फोन पालथा ठेवला आणि ती पुन्हा पत्ते चिकटवायला बसली.

त्याच आठवड्यापासून भिंगरी दुपारची झोपू लागली.

जी पोरगी तापातही अंथरुणावर टिकायची नाही ती तीन वाजले की बूट काढून सरळ पलंगावर जाऊ लागली. हात छातीशी, श्वास इतका हळू की दागिनेवाली नाकाशी बोट धरून बघायची. पाच वाजता आपसूक उठे. उठली की घटकाभर खोलीकडे असं बघे, जणू पाहुणी आली आहे. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोळे तपासले, छाती तपासली. सगळं ठणठणीत. "वाढीचं वय आहे," ते म्हणाले.

मग एक दिवस दूध पिऊन झाल्यावर पेला पुढे करत भिंगरी म्हणाली, "हा तुम्ही कुठे ठेवता?"

दागिनेवाली हसली. तिला वाटलं, पोरगी नक्कल करतेय. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. तुम्ही बसा, तुम्ही राहू द्या, मी घेते. उद्धटपणा नाही, रुसवा नाही. परक्या घरात शहाण्या मुलीने वागावं तशी ती वागत होती, आणि तो शहाणपणा बघून आईच्या काळजात चर्र व्हायचं. वेणी घालताना तिने मानेमागचे केस बाजूला केले. कापून दोन महिने झाले होते. बाकीचे केस वाढले होते. तेवढी जागा मात्र आज सकाळी कात्री लावल्यासारखी होती.

झोपेत ती अक्षरं म्हणायची. "र," मग थांबून "न, ब," मग "ग, म, त," असं. ओळीगणिक आवाज बारीक होत जाई आणि शेवटच्या ओळीला नुसते ओठ हलत. दागिनेवालीने ती अक्षरं पाकिटाच्या मागे लिहून घेतली. शाळेतल्या बाईंना विचारलं, त्यांनी असलं काही शिकवलेलं नव्हतं.

दिलेले दागिने तीन महिन्यांनी पुसून, उजळून द्यायची तिची पद्धत होती. चष्मेवालीचे तीन महिने भरले होते. एका दुपारी झोपलेल्या भिंगरीपाशी नणंदेला बसवून ती दुकानात गेली. मनात काय आहे ते तिने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

दुकान लहानसं होतं. तिन्ही भिंतींवर चष्म्यांच्या चौकटी, मधे एक आरसा, गिऱ्हाइकासाठी उंच खुर्ची. बाई काउंटरमागे बसली होती. तीन महिन्यांत तिच्या अंगावर तेज आलं होतं. पदक गळ्यात होतं.

"या, या," ती हळू आवाजात म्हणाली.

दागिनेवालीची नजर समोरच्या भिंतीवर गेली. डोळे तपासायचा तक्ता टांगला होता. सगळ्यात वर थोरलं र. खाली न, ब. त्याखाली ग, म, त. तिने पर्समधून पाकीट काढलं नाही. काढायची गरजच नव्हती. तिने काउंटरची कड धरली.

"मला तुम्हाला काही सांगायचंय," ती म्हणाली. आणि मग तिने सगळं सांगून टाकलं, गाळणी, घंटी, पाइप, कात्री. सांगताना ती रडत होती. "ते केस तुमच्या मुलीचे नाहीत. माझ्या मुलीचे आहेत. मला क्षमा करा, पण ते मला परत द्या."

चष्मेवालीने ते शांतपणे ऐकून घेतलं.

"इतकी वर्षं मी माझ्या लेकीची वेणी घातली," ती म्हणाली. "मला ओळखू येणार नाही? तुमच्या खिडकीशी धरलं तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणारच होते. दोन दिवस नुसती धुमसत होते. तुमच्या दारात येऊन असा तमाशा करणार होते की पुन्हा कुणी तुमची पायरी चढलं नसतं. तिसऱ्या दिवशी मान वर केली, तर त्या खुर्चीवर एक पोरगी बसलेली. माझी नव्हती ती. पण मला आई म्हणाली." तिने पदकावर हात ठेवला. "माझ्या जागी तुम्ही असता, तर हाकलली असती?"

"ते मला परत द्या," दागिनेवाली पुन्हा म्हणाली.

"आणि जरा हळू बोला. आत्ताच झोपलीय."

तिने खुर्चीकडे बोट केलं. खुर्चीवर कुणी नव्हतं. पण गादी मधोमध दबलेली होती, पोराच्या वजनाने दबावी तेवढीच, आणि दागिनेवाली बघत असताना ती किंचित खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. तो श्वास ती ओळखत होती. गेले तीन महिने रोज दुपारी ती त्याच्यावर बोट धरून बसली होती.

दागिनेवालीचं डोकं एकाएकी थंड झालं. "साखळी वळलीय तुमची," ती म्हणाली. "बघू."

बाईने सवयीने मान पुढे केली. साखळीचा फासा दागिनेवालीने स्वतः घडवलेला होता. अंगठ्याने कुठे दाबलं की तो सुटतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पदक तिच्या तळहातात पडलं. ते नुकत्याच झोपलेल्या पोराच्या कपाळासारखं गरम होतं.

चष्मेवाली ओरडली नाही की मागे धावली नाही. तिने खुर्चीकडे पाहिलं. गादी फुगून सपाट झाली होती.

"ती माझ्याकडे सुखात होती," ती म्हणाली. "एवढं लक्षात ठेवा."

रस्त्यात पदक पडू नये म्हणून दागिनेवालीने ते आपल्या गळ्यात अडकवलं आणि ती जवळजवळ पळतच निघाली. तिला चोरी केल्याची लाज वाटत होती आणि आनंदही होत होता, दोन्ही एकदम. घरी जाऊन पोरीला पोटाशी धरायचं, दुसरं काही नाही. जिने तिने दोन दोन पायऱ्यांनी चढले.

दार नणंदेनेच उघडलं. तिचा चेहरा उतरला होता. "अगं, मघाशी दचकून उठली ती. तेव्हापासून बूट घालून इथे दाराशी बसलीय. म्हणते, माझी आई येणार आहे."

दागिनेवालीचा ऊर भरून आला. तिने हात पसरले, आणि भिंगरी धावली. किती दिवसांनी ती अशी धावली होती! तिने आईच्या कमरेला मिठी मारली, पदकाला गाल घासला, आणि जुन्या लाडिक आवाजात म्हणाली,

"आई, आज दुकान लवकर बंद केलंस?"

दागिनेवालीचे हात पोरीच्या पाठीवर तसेच राहिले. "कुठलं दुकान गं?" तिने कसंबसं विचारलं.

"असं काय करतेस? चष्म्यांचं." भिंगरी खुदकन हसली आणि पुन्हा घट्ट बिलगली.

आता पदक काढून ठेवता आलं असतं. खरं काय ते सांगता आलं असतं. पण ही मिठी तिला तीन महिन्यांत मिळाली नव्हती, आणि पदक काढलं तर या पोरीच्या तोंडून पुन्हा 'तुम्ही' ऐकावं लागेल, हे तिला कुणी न सांगता समजलं होतं.

"हो राणी," ती म्हणाली. "आज लवकर बंद केलं."

"मग घरी चल ना." भिंगरीने तिचा हात धरून जिन्याकडे ओढलं आणि नणंदेकडे मान वळवली. "या बाई चांगल्या आहेत, पण मला इथे आता करमत नाही."

नणंद तोंडावर हात धरून उभी होती. दागिनेवालीने एकदा मागे वळून खिडकीजवळच्या टेबलाकडे, पलंगाकडे, मोरीकडे पाहिलं. मग तिने भिंगरीची बोटं घट्ट धरली आणि दोघी जिना उतरू लागल्या.